स्वॅलोज अँड ॲमेझॉन्स (कादंबरीमाला)

स्वॅलोज अँड ॲमेझॉन्स ही इंग्लिश लेखक आर्थर रॅन्सम (१८ जानेवारी १८८४ – ३ जून १९६७) यांनी मुलांसाठी लिहिलेली बारा कादंबऱ्यांची मालिका आहे. पहिली कादंबरी इ.स. १९३० मध्ये लंडनच्या जोनाथन केप या प्रकाशनसंस्थेने प्रसिद्ध केली आणि बारावी इ.स. १९४७ मध्ये आली. मालिकेला पहिल्या कादंबरीचेच नाव मिळाले. शाळेच्या सुट्टीत शिडाच्या होड्या चालवणारी, बेटावर तंबू ठोकून राहणारी, स्वतः रांधून खाणारी आणि भोवतालच्या साध्या प्रदेशाला कल्पनेने अज्ञात भूमीचे रूप देणारी मुले हा या कादंबऱ्यांचा विषय आहे. अनेक कथानके वायव्य इंग्लंडमधील सरोवरांच्या प्रदेशात (लेक डिस्ट्रिक्ट) घडतात. काही कथानके पूर्व इंग्लंडमधील नॉरफक ब्रॉड्स, सफक व एसेक्सचा किनारा आणि स्कॉटलंडची हेब्रिडीज बेटे येथे घडतात. मालिकेतील ‘पिजन पोस्ट’ या सहाव्या कादंबरीला ब्रिटनच्या ग्रंथालय संघाचे पहिले कार्नेगी पदक मिळाले.

विसाव्या शतकातील ब्रिटिश बालसाहित्यात ‘सुट्टीतील साहस’ हा कथाप्रकार रुजवण्याचे श्रेय प्रामुख्याने या मालिकेला दिले जाते. या कथांमध्ये जादू नाही, आणि दोन-तीन कादंबऱ्या सोडल्यास सशस्त्र खलपुरुषही नाहीत. वारा, धुके, भरती-ओहोटी, चुकलेला अंदाज आणि दिलेला शब्द यांतून प्रसंगांतील धोका निर्माण होतो.

लेखक

आर्थर रॅन्सम यांचा जन्म लीड्स येथे झाला. त्यांचे वडील सिरिल रॅन्सम तेथील यॉर्कशायर कॉलेजात इतिहासाचे प्राध्यापक होते. पुढे याच संस्थेचे लीड्स विद्यापीठात रूपांतर झाले. कुटुंबाच्या सुट्ट्या कॉनिस्टन वॉटर या सरोवराच्या दक्षिण टोकाजवळील निबथ्वेट या खेड्यात जात. तेथे पोहोचताच सर्वांची नजर चुकवून सरोवराच्या पाण्यात हात बुडवण्याचा आपला लहानपणीचा नेम रॅन्सम यांनी आत्मचरित्रात सांगितला आहे. इ.स. १८९७ मध्ये वडिलांचे निधन झाले. विंडरमियर येथील शाळेत व नंतर रग्बी स्कूलमध्ये शिक्षण झाल्यावर त्यांनी यॉर्कशायर कॉलेजात विज्ञानाचा अभ्यास सुरू केला, परंतु तो लवकरच सोडून ते लंडनमधील एका प्रकाशकाच्या कचेरीत नोकरीस लागले. लेखक व्हायचे हे त्यांनी तेव्हाच ठरवले होते.

कॉनिस्टनच्या परिसरात त्यांचा परिचय चित्रकार व इतिहासकार डब्ल्यू. जी. कॉलिंगवुड यांच्याशी झाला. कॉलिंगवुड हे विचारवंत जॉन रस्किन यांचे चिटणीस होते. त्यांच्या घरात तरुण रॅन्सम यांना दुसरे कुटुंबच लाभले. पुढे तत्त्वज्ञ म्हणून प्रसिद्ध झालेले आर. जी. कॉलिंगवुड हे त्या घरातील मुलगे. त्यांच्या भगिनी डोरा यांचा विवाह सीरियातील अलेप्पो येथे रुग्णालय चालवणारे डॉक्टर अर्नेस्ट अल्तुन्यान यांच्याशी झाला. कादंबरीमालेच्या जन्माशी या कुटुंबाचा थेट संबंध आहे.

रॅन्सम यांचा पहिला विवाह (१९०९) सुखाचा ठरला नाही. ऑस्कर वाइल्ड यांच्यावर इ.स. १९१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या समीक्षाग्रंथामुळे लॉर्ड आल्फ्रेड डग्लस यांनी त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला. इ.स. १९१३ मध्ये निकाल रॅन्सम यांच्या बाजूने लागला. त्याच वर्षी ते रशियाला गेले, रशियन भाषा शिकले आणि तेथील लोककथांचा ‘ओल्ड पीटर्स रशियन टेल्स’ (१९१६) हा संग्रह त्यांनी सिद्ध केला. पहिल्या महायुद्धात ‘डेली न्यूज’ आणि नंतर ‘मँचेस्टर गार्डियन’ या वृत्तपत्रांसाठी त्यांनी रशियातून वार्ताहराचे काम केले. इ.स. १९१७ च्या राज्यक्रांतीनंतरच्या काळात बोल्शेविक नेत्यांपर्यंत त्यांचा सहज वावर होता. लिऑन ट्रॉट्स्की यांच्या चिटणीस एव्हगेनिया शेलेपिना यांच्याशी त्यांचा याच काळात स्नेह जुळला आणि इ.स. १९२४ मध्ये त्या दोघांनी विवाह केला. रॅन्सम ब्रिटिश गुप्तवार्ता खात्याला माहिती पुरवत होते आणि त्याच वेळी त्यांच्या निष्ठेविषयी ब्रिटिश सुरक्षा यंत्रणेला संशयही होता, हे पुढे खुल्या झालेल्या सरकारी कागदपत्रांतून स्पष्ट झाले.

बाल्टिक समुद्रकाठच्या वास्तव्यात रॅन्सम यांनी रीगा येथे ‘राकुंड्रा’ नावाची शिडाची नौका बांधून घेतली. तिच्या प्रवासावरील ‘राकुंड्राज फर्स्ट क्रूझ’ (१९२३) हे पुस्तक इंग्लिशमधील नौकानयनविषयक लेखनात मानाचे मानले जाते. इ.स. १९२५ मध्ये हे दांपत्य विंडरमियरजवळच्या लो लडरबर्न या घरी स्थायिक झाले.

निर्मिती

इ.स. १९२८ च्या उन्हाळ्यात अल्तुन्यान कुटुंब अलेप्पोहून कॉनिस्टनला सुट्टीसाठी आले. टाकी, सूझी, तिट्टी, रॉजर आणि ब्रिजिट ही पाच मुले त्यांच्यासोबत होती. मुलांना होडी चालवायला शिकता यावे म्हणून ‘स्वॅलो’ आणि ‘मेव्हिस’ नावाच्या दोन लहान होड्या विकत घेण्यात आल्या. परत जाण्यापूर्वी मुलांनी रॅन्सम यांना वाढदिवसाची भेट म्हणून लाल सपातांचा जोड दिला. तेव्हा रॅन्सम ४५ वर्षांचे होत होते. ‘मँचेस्टर गार्डियन’ने त्यांच्यापुढे कायमस्वरूपी पदाचा प्रस्ताव ठेवला होता. तो नाकारून त्यांनी इ.स. १९२९ मध्ये कादंबरी लिहायला घेतली.

पहिल्या आवृत्तीत मजकुरासोबत चित्रे नव्हती. स्टीव्हन स्पर्रियर यांनी काढलेली चित्रे रॅन्सम यांना पसंत पडली नाहीत. स्पर्रियर यांचा नकाशा तेवढा ठेवण्यात आला. त्यानंतर काही काळ क्लिफर्ड वेब यांची चित्रे वापरण्यात आली. ‘पीटर डक’पासून रॅन्सम यांनी स्वतःच चित्रे काढली आणि पुढे आधीच्या दोन कादंबऱ्यांनाही स्वतःची चित्रे जोडली. या साध्या रेखाचित्रांत मुले बहुधा पाठमोरी दिसतात. त्यामुळे वाचकाला त्यांचे चेहरे स्वतःच कल्पावे लागतात.

एव्हगेनिया या हस्तलिखितांच्या पहिल्या वाचक आणि कठोर टीकाकार होत्या. त्यांच्या नापसंतीमुळे ‘द पिक्ट्स अँड द मार्टर्स’ या कादंबरीचे प्रकाशन लांबणीवर पडले होते.

कादंबऱ्या

१. स्वॅलोज अँड ॲमेझॉन्स (१९३०) – सरोवरांचा प्रदेश
२. स्वॅलोडेल (१९३१) – सरोवरांचा प्रदेश
३. पीटर डक (१९३२) – इंग्लिश खाडी व कॅरिबियन समुद्र
४. विंटर हॉलिडे (१९३३) – सरोवरांचा प्रदेश, हिवाळा
५. कूट क्लब (१९३४) – नॉरफक ब्रॉड्स
६. पिजन पोस्ट (१९३६) – सरोवरांचा प्रदेश
७. वुई डिडन्ट मीन टू गो टू सी (१९३७) – सफकचा किनारा व उत्तर समुद्र
८. सीक्रेट वॉटर (१९३९) – एसेक्सच्या खाड्या
९. द बिग सिक्स (१९४०) – नॉरफक ब्रॉड्स
१०. मिसी ली (१९४१) – दक्षिण चीन समुद्र
११. द पिक्ट्स अँड द मार्टर्स (१९४३) – सरोवरांचा प्रदेश
१२. ग्रेट नॉर्दर्न? (१९४७) – हेब्रिडीज बेटे

तेरावी कादंबरी रॅन्सम यांच्याकडून पुरी झाली नाही. तिचा उपलब्ध भाग चरित्रकार ह्यू ब्रोगन यांच्या संपादनाखाली ‘कूट्स इन द नॉर्थ’ या नावाने इ.स. १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला.

पात्रे

‘स्वॅलोज’ म्हणजे वॉकर कुटुंबातील जॉन, सूझन, तिट्टी आणि रॉजर ही चार भावंडे. ‘स्वॅलो’ या त्यांच्या होडीवरून त्यांना हे नाव पडले. वडील ब्रिटिश नौदलात अधिकारी आहेत आणि बहुतेक काळ परदेशी असतात. आईचे बालपण ऑस्ट्रेलियात गेलेले आहे. जॉन हा कप्तान, सूझन त्याची साहाय्यक, तिट्टी खलाशी आणि धाकटा रॉजर पोऱ्या अशी होडीवरील पदांची वाटणी आहे. ही पदे केवळ खेळातली नाहीत. त्या त्या पदाला कामे आणि जबाबदाऱ्या असून पहारा, स्वयंपाक व झोपेची वेळ त्यांनुसार ठरते.

‘ॲमेझॉन्स’ म्हणजे नॅन्सी आणि पेगी ब्लॅकेट या स्थानिक बहिणी. नॅन्सीचे खरे नाव रूथ आहे. चाचे निर्दय असतात, आणि इंग्लिशमध्ये ‘निर्दय’ या अर्थाच्या शब्दाची फोड ‘रूथविना’ अशी होते. म्हणून चाच्यांच्या नायिकेला रूथ हे नाव शोभत नाही असे ठरवून तिने ते टाकून दिले आहे. त्यांचे मामा जिम टर्नर सरोवरातील नौकागृहात राहून आपल्या प्रवासांचे पुस्तक लिहीत असतात. मुलांनी त्यांना रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांच्या ‘ट्रेझर आयलंड’मधील चाच्यावरून ‘कॅप्टन फ्लिंट’ हे नाव दिले आहे.

चौथ्या कादंबरीत डिक आणि डोरोथिया कॅलम ही शहरी भावंडे येतात. डिकला खगोलशास्त्र व पक्षिनिरीक्षणाची आवड आहे, तर डोरोथिया सतत मनात कादंबऱ्या रचत असते. नॉरफकच्या कथांमध्ये डॉक्टरांचा मुलगा टॉम डजन, ‘पोर्ट’ व ‘स्टारबोर्ड’ या टोपणनावांच्या जुळ्या बहिणी आणि होड्या बांधणाऱ्या कारागिरांचे जो, बिल व पीट हे तीन मुलगे प्रमुख आहेत.

प्रमुख कथानके

सरोवरावरील कथा

पहिल्या कादंबरीच्या आरंभी मुले बेटावर एकटी राहण्याची परवानगी मागतात आणि दूरदेशी असलेल्या वडिलांची तार येते. मुले खरोखर कामाची असतील तर ती बुडणार नाहीत, असा तिचा आशय आहे. आई परवानगी देते, पण शिबिराकडे लक्षही ठेवते. शेजारच्या शेतावरून रोज दूध आणण्याची अट त्यासाठीच असते. बेटावर हक्क सांगणाऱ्या ॲमेझॉन्सशी मुलांची लुटुपुटीची लढाई ठरते. जो गट दुसऱ्याची होडी पकडील, त्याची होडी मुख्य नौका ठरणार असते. एकटी मागे राहिलेली तिट्टी रात्रीच्या अंधारात ॲमेझॉन्सची होडी पळवते, आणि त्याच रात्री चोरांनी जवळच्या बेटावर काहीतरी लपवल्याचे तिच्या कानावर पडते. दरम्यान कॅप्टन फ्लिंट यांनी जॉनवर खोटेपणाचा आळ घेतलेला असतो. चोरीस गेलेल्या पेटीत त्यांचे हस्तलिखित असते आणि ती मुलांनाच सापडते. आळ घेतल्याबद्दल प्रौढ माणसाने मुलाची क्षमा मागणे हा या कथेतील महत्त्वाचा टप्पा आहे.

‘स्वॅलोडेल’मध्ये जोराच्या वाऱ्यात वेळेवर शीड आखडून न घेण्याची चूक जॉन करतो. होडी खडकावर आपटून बुडते. होडीची दुरुस्ती होईपर्यंत मुले डोंगरातील एका दरीत मुक्काम करतात. ‘विंटर हॉलिडे’मध्ये नॅन्सीला गालगुंड होतात. सोबतच्या मुलांना संसर्गाच्या शक्यतेमुळे शाळेत परतता येत नाही आणि सुट्टी महिन्याने वाढते. तेवढ्यात सरोवर गोठते आणि उत्तर ध्रुवाच्या मोहिमेचा खेळ सुरू होतो. रॅन्सम विंडरमियरला शाळेत असताना इ.स. १८९५ च्या कडाक्याच्या थंडीत तेथील सरोवर गोठले होते. तीच आठवण या कथेमागे आहे.

‘पिजन पोस्ट’मध्ये मुले सोन्याच्या शोधात जुन्या खाणी धुंडाळतात आणि संदेशांसाठी कबुतरे वापरतात. उन्हाळा कोरडा असल्याने पाण्याची अडचण होते. तेव्हा तिट्टी पाणाड्याप्रमाणे बेचक्याच्या फांदीने पाणी शोधते. ही शक्ती आपल्यात आहे हे कळताच ती भ्याली होती, आणि ती भीती ओलांडून पुन्हा प्रयत्न करण्याचा प्रसंग कादंबरीतील उत्तम प्रसंगांत गणला जातो. सोने समजून शोधलेला धातू अखेर तांबे निघतो.

नॉरफकच्या कथा

‘कूट क्लब’चे नाव कूट या पाणपक्ष्यावरून आले आहे. महाराष्ट्रातील तलावांवर दिसणारा वारकरी किंवा चांदवा तो हाच. सुट्टीसाठी आलेले उद्दाम पर्यटक आपली मोटरबोट एका कूटच्या घरट्यासमोर बांधतात. विनवणी करूनही ते हलत नाहीत, तेव्हा टॉम तिचे दोर सोडून तिला प्रवाहाबरोबर जाऊ देतो. दुसऱ्याची नौका सोडून देणे हा नाविकांच्या रीतीप्रमाणे मोठा अपराध आहे आणि टॉमला त्याची पूर्ण जाणीव आहे. पक्ष्याची अंडी वाचवणे आणि नियम पाळणे यांतील हा पेच संपूर्ण कथानक पुढे नेतो. ‘द बिग सिक्स’मध्ये नौका सोडून दिल्याचा खोटा आळ कारागिरांच्या तिन्ही मुलांवर येतो. सारे गाव त्यांच्याविरुद्ध गेलेले असताना मुले पद्धतशीर पुरावे गोळा करतात आणि रात्री काढलेल्या छायाचित्राच्या आधारे खऱ्या अपराध्याला उघडे पाडतात.

समुद्रावरील कथा

‘वुई डिडन्ट मीन टू गो टू सी’ ही अनेक समीक्षकांच्या मते मालिकेतील सर्वश्रेष्ठ कादंबरी होय. ऑरवेल नदीवरील पिन मिल येथे वॉकर मुले जिम ब्रेडिंग या तरुणाच्या ‘गॉब्लिन’ नावाच्या नौकेवर पाहुणी म्हणून जातात. बंदराबाहेर जायचे नाही असे वचन आईला दिलेले असते. पेट्रोल आणायला किनाऱ्यावर गेलेला जिम अपघातामुळे परतत नाही. दाट धुक्यात भरती वाढते, नांगर सुटतो आणि नौका समुद्रात वाहत जाते. अंधारात वाळूच्या दांड्यांमधून मागे वळण्यापेक्षा खुल्या समुद्रात राहणे अधिक सुरक्षित आहे, असा निर्णय जॉनला घ्यावा लागतो. वचन मोडल्याच्या जाणिवेने आणि समुद्र लागल्याने सूझन कोलमडते. रात्रभराच्या वादळी प्रवासानंतर मुले नेदरलँड्समधील फ्लशिंग बंदरात पोहोचतात आणि तेथे योगायोगाने परदेशातून परतणारे वडील भेटतात. कथानकाची शक्यता पडताळण्यासाठी रॅन्सम यांनी ‘नॅन्सी ब्लॅकेट’ या आपल्या नौकेतून हाच प्रवास स्वतः केला होता.

‘पीटर डक’ आणि ‘मिसी ली’ या दूरदेशीच्या साहसकथा इतरांहून वेगळ्या आहेत. ‘पीटर डक’ ही मुलांनीच रचलेली गोष्ट आहे असे मालिकेत सुचवले जाते. तिच्यातील वृद्ध खलाशी ‘राकुंड्रा’वरील रॅन्सम यांच्या एका सोबत्यावर बेतलेला आहे. ‘मिसी ली’मधील चिनी चाच्यांची नायिका केंब्रिजला शिकलेली असून पकडलेल्या मुलांना ती लॅटिन शिकवते.

स्थळे

मालिकेतील सरोवर नकाशावर कोठेही नाही. विंडरमियर आणि कॉनिस्टन वॉटर या दोन सरोवरांचे घटक एकत्र करून ते रचलेले आहे. ‘वाइल्ड कॅट आयलंड’ या बेटावरील लपलेले बंदर कॉनिस्टनमधील पील बेटावरून घेतले आहे, तर ‘रिओ’ हे गजबजलेले गाव विंडरमियरकाठच्या बोनेसची आठवण करून देते.

‘स्वॅलोडेल’मध्ये मुले ज्या शिखराला कांचनजंगा म्हणतात ते कॉनिस्टनचे ‘ओल्ड मॅन’ हे शिखर मानले जाते. त्याची उंची सुमारे ८०० मीटर आहे. सिक्कीम व नेपाळच्या सीमेवरील खरा कांचनजंगा ८,५८६ मीटर उंच असून त्याच्यावर इ.स. १९२९ ते १९३१ या काळात युरोपीय गिर्यारोहकांच्या मोहिमा एकामागोमाग अयशस्वी होत होत्या. त्याच्यावरील पहिली यशस्वी चढाई इ.स. १९५५ मध्ये झाली. कादंबरी प्रसिद्ध झाली तेव्हा हे नाव अजिंक्यतेचे प्रतीक होते. शिखरावर पोहोचल्यावर मुलांना दगडांच्या राशीत एक डबी सापडते. तीस वर्षांपूर्वी ब्लॅकेट बहिणींचे आईवडील आणि कॅप्टन फ्लिंट याच शिखरावर चढले होते आणि त्यांनी त्याला मॅटरहॉर्न म्हटले होते, हे तीमधील चिठ्ठीवरून कळते.

पूर्व इंग्लंडमधील स्थळांची नावे मात्र रॅन्सम यांनी बदललेली नाहीत. हॉर्निंग, पिन मिल आणि हार्विच ही गावे कादंबऱ्यांत खऱ्या नावांनीच येतात.

वैशिष्ट्ये

कृतीचे तपशीलवार वर्णन हे रॅन्सम यांच्या शैलीचे ठळक लक्षण आहे. वाऱ्याच्या दिशेविरुद्ध नागमोडी वळणे घेत होडी कशी न्यावी, तंबू झाडांना कसा बांधावा, चूल कशी पेटवावी, रानात कोळसा पाडणारे लोक भट्टी कशी रचतात, हे सर्व कथेच्या ओघात येते. ही माहिती निरूपयोगी भर म्हणून येत नाही. पुढच्या संकटात तिच्यावरच सारे अवलंबून असते. यामुळे होडीत कधी न बसलेल्या वाचकालाही जॉनचा निर्णय योग्य की अयोग्य हे समजू शकते.

दुसरे लक्षण म्हणजे कल्पना आणि वास्तव यांचे दुहेरी विणकाम. मुले मोठ्या माणसांना ‘नेटिव्ह’ म्हणतात, लेमोनेडला दारूचे नाव देतात, पण वादळ आले की खेळ थांबतो आणि कौशल्य कामाला लागते. मोठी माणसेही बहुधा खेळात सामील होतात. बालसाहित्यात मुलांना मोकळीक मिळावी म्हणून पालकांना अनाथपणाच्या किंवा हलगर्जीपणाच्या मार्गाने कथेबाहेर काढण्याची प्रथा होती. रॅन्सम यांनी त्याऐवजी विश्वासाने मोकळीक देणारे पालक रंगवले. मिळालेल्या स्वातंत्र्याबरोबर येणारी शब्द पाळण्याची जबाबदारी हे मालिकेचे नैतिक सूत्र आहे.

पक्ष्यांचे संरक्षण हा विषय ‘कूट क्लब’ व ‘ग्रेट नॉर्दर्न?’ या दोन कादंबऱ्यांच्या केंद्रस्थानी आहे. शेवटच्या कादंबरीत ब्रिटनमध्ये सहसा घरटे न करणाऱ्या एका दुर्मीळ पक्ष्याची अंडी संग्राहकापासून वाचवायची असतात. पक्ष्यांची अंडी गोळा करणे हा त्या काळी प्रतिष्ठित छंद होता. बहुतेक रानपक्ष्यांच्या अंड्यांना ब्रिटनमध्ये इ.स. १९५४ च्या कायद्याने संरक्षण मिळाले.

मालिकेतील चार कादंबऱ्या दुसऱ्या महायुद्धाच्या काळात प्रसिद्ध झाल्या किंवा लिहिल्या गेल्या, तरी कथांमध्ये युद्धाचा उल्लेख नाही. सर्व प्रसंग इ.स. १९३० च्या आसपासच्या काळातच घडतात.

टीका

मालिकेतील जग मुख्यत्वे सुस्थितीतील मध्यमवर्गाचे आहे, असा आक्षेप घेतला जातो. दीर्घ सुट्ट्या, होड्या आणि वसतिशाळा ही तत्कालीन बहुसंख्य ब्रिटिश मुलांच्या आवाक्याबाहेरची गोष्ट होती. ‘द बिग सिक्स’मध्ये कष्टकरी कुटुंबांतील मुले नायक आहेत, आणि संशय प्रथम त्यांच्यावरच का येतो हा प्रश्न तेथे अप्रत्यक्षपणे उपस्थित होतो.

मुलांच्या खेळाची भाषा साम्राज्यकाळाची आहे. ‘शोध’ लावणे, बेटाचा ताबा घेणे, रहिवाशांना ‘नेटिव्ह’ किंवा ‘रानटी’ म्हणणे हे शब्द त्यांनी ‘रॉबिन्सन क्रूसो’सारख्या ग्रंथांतून उचललेले आहेत. येथे ‘नेटिव्ह’ ठरणारे लोक इंग्लिश शेतकरी व स्वतःची आईच आहे, त्यामुळे या भाषेला आपोआप विनोदाची धार येते, असे काही अभ्यासक मानतात. इतरांच्या मते ती भाषा प्रश्नाविना स्वीकारली गेली आहे. ‘मिसी ली’मधील चिनी पात्रांच्या तोंडची मोडकी इंग्लिश आजच्या वाचकाला खटकते, जरी नायिका स्वतः विदुषी व कर्तव्यनिष्ठ दाखवली आहे.

स्त्रीपात्रांबाबतही मतभेद आहेत. नॅन्सी ही सर्व मुलांहून धाडसी नेता आहे, तर सूझनकडे स्वयंपाक आणि काळजी ही कामे येतात. मात्र सूझनच्या शिस्तीमुळेच मोठ्या माणसांचा विश्वास टिकतो आणि मोहिमा शक्य होतात, हे कादंबऱ्या वारंवार दाखवतात.

अल्तुन्यान कुटुंबाशी संबंध

पहिल्या कादंबरीच्या अर्पणपत्रिकेत सपातांच्या जोडाच्या बदल्यात हे पुस्तक लिहिल्याचा उल्लेख होता. तिट्टी व रॉजर ही नावे जशीच्या तशी, तर सूझी हे नाव थोड्या बदलाने घेतले होते. थोरली मुलगी टाकी हिच्या जागी कादंबरीत जॉन हा मुलगा आला. इ.स. १९३२ मध्ये रॅन्सम दांपत्य अलेप्पोला या कुटुंबाकडे राहिले आणि ‘पीटर डक’च्या लेखनाचा काही भाग तेथे झाला.

पुढे मात्र मालिकेतील मुले म्हणजे अल्तुन्यान मुलेच होत, असे सर्वत्र समजले जाऊ लागल्याने रॅन्सम दुखावले. त्यांनी अर्पणपत्रिका काढून टाकली आणि इ.स. १९५८ च्या टिपणात कथेचे मूळ आपल्या कॉनिस्टनकाठच्या बालपणात असल्याचे सांगितले. वास्तवातील मुलांनाही या प्रसिद्धीचे ओझे झाले. विशेषतः तिट्टी यांना कादंबरीतील पात्राशी कायम जोडले जाणे रुचत नसे. रॉजर अल्तुन्यान (१९२२–१९८७) पुढे डॉक्टर झाले. त्यांना स्वतःला दमा होता. औषधांचे प्रयोग स्वतःवर करून त्यांनी दम्यावरील सोडियम क्रोमोग्लायकेट हे औषध आणि ते हुंगण्यासाठीचे ‘स्पिनहेलर’ हे उपकरण विकसित करण्यात मोलाचा वाटा उचलला.

समकालीन व नंतरच्या मालिका

डब्ल्यू. ई. जॉन्स यांच्या वैमानिक ‘बिगल्स’च्या कथांचे पहिले पुस्तक इ.स. १९३२ मध्ये आले. त्यांचा नायक प्रौढ आणि पार्श्वभूमी युद्धाची आहे. एनिड ब्लायटन यांच्या ‘फेमस फाइव्ह’ मालिकेच्या २१ कादंबऱ्या इ.स. १९४२ ते १९६३ या काळात प्रसिद्ध झाल्या. सुट्टी, बेटे आणि पालकांपासूनची मोकळीक हे घटक दोन्ही मालिकांत समान आहेत, पण ब्लायटन यांच्या कथा वेगवान असून तस्कर व चोर यांच्या पाठलागावर उभ्या आहेत, तर रॅन्सम यांचा भर कौशल्यावर आहे. माल्कम सॅव्हिल यांची ‘लोन पाइन’ मालिका (१९४३–१९७८) या दोहोंच्या मधली मानता येते. तिच्यात खलपुरुष आहेत, परंतु खऱ्या भूप्रदेशाचे वर्णनही तितकेच काटेकोर आहे.

कॅथरिन हल आणि पामेला व्हिटलॉक या दोन शाळकरी मुलींनी रॅन्सम यांच्या धर्तीवर घोड्यांची साहसकथा लिहून तिचे हस्तलिखित त्यांना पाठवले. रॅन्सम ते आपल्या प्रकाशकाकडे घेऊन गेले आणि ‘द फार-डिस्टंट ऑक्सस’ ही कादंबरी इ.स. १९३७ मध्ये प्रसिद्ध झाली.

रूपांतरे

बीबीसीने इ.स. १९६३ मध्ये पहिल्या कादंबरीवर दूरचित्रवाणी मालिका केली. तीत तिट्टीचे नाव ‘किटी’ असे बदलले होते. क्लॉड व्हॉटम दिग्दर्शित चित्रपट इ.स. १९७४ मध्ये आला. त्यात आईची भूमिका व्हर्जिनिया मॅकेना यांनी केली. नॉरफकच्या दोन्ही कादंबऱ्यांवरील बीबीसीची मालिका इ.स. १९८४ मध्ये प्रसारित झाली. हेलन एडमंडसन यांची संहिता आणि नील हॅनन यांची गीते असलेले संगीतनाटक इ.स. २०१० मध्ये ब्रिस्टल येथे रंगभूमीवर आले. फिलिपा लोथॉर्प दिग्दर्शित इ.स. २०१६ च्या चित्रपटात रशियन हेरांचे उपकथानक जोडण्यात आले. त्यामागे रॅन्सम यांच्या स्वतःच्या आयुष्याचा संदर्भ होता.

वारसा

लीड्स विद्यापीठाने इ.स. १९५२ मध्ये रॅन्सम यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली आणि इ.स. १९५३ मध्ये त्यांना ‘सीबीई’ हा ब्रिटिश किताब मिळाला. सरोवरांच्या प्रदेशातील रसलंड येथील चर्चच्या आवारात त्यांचे दफन झाले. नंतर एव्हगेनिया यांनाही तेथेच पुरण्यात आले. रॅन्सम यांचे आत्मचरित्र इ.स. १९७६ मध्ये, तर ह्यू ब्रोगन यांनी लिहिलेले चरित्र इ.स. १९८४ मध्ये प्रसिद्ध झाले.

आर्थर रॅन्सम सोसायटीची स्थापना इ.स. १९९० मध्ये झाली. जपानमधील वाचकांचे मंडळ त्याहूनही जुने आहे. ‘मेव्हिस’ ही मूळ होडी ‘ॲमेझॉन’ म्हणून कॉनिस्टन येथील रस्किन संग्रहालयात जतन केलेली आहे. ‘नॅन्सी ब्लॅकेट’ ही नौका एका न्यासाच्या देखभालीखाली आजही समुद्रात जाते.